नानीचा फोटो

2018 ची गोष्ट. आठवीच्या मुलींचे एनएमएमएसचे फॉर्म भरायचे होते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती असं तिचं लांबलचक सरकारी नाव. आमच्या उर्दू शाळेत सगळे 'स्कॉलरशिप का इम्तिहान' एवढंच म्हणतात. पास झालं तर नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी 12,000 रुपये. ज्या घरात बाप हमाली करतो किंवा हातगाडी लावतो, त्या घरात एवढ्या पैशावर मुलीची शाळा चालू राहायची की बंद व्हायची, हे ठरतं. माझ्या वर्गातल्या सोळा मुली बसणार होत्या आणि त्यातल्या अकरा जणींकडे फोटोच नव्हता.

स्टुडिओत जाऊन काढून आणा म्हटलं, तर आया तयार होईनात. एकीने स्पष्टच सांगितलं, "बाजी, फोटोवाले के कॉम्प्युटर में बच्ची का फोटो काय को रहना?" तिचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. अशा गोष्टींचे काय काय वापर होतात, हे आता घराघरात माहीत आहे. मी म्हटलं, ठीक आहे, मी काढते. मोबाइल होताच. शाळेची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली, पांढरीशुभ्र. दुपारच्या सुट्टीत एकेकीला तिच्यापुढे उभं केलं आणि दहा मिनिटांत अकरा फोटो काढून मोकळी झाले.

घरी येऊन पाहिले तर भिंत आणि पांढऱ्या ओढण्या तेवढ्या छान आल्या होत्या. चेहरे काळवंडलेले, डोळ्यांच्या जागी खड्डे. त्यातली एक मुलगी मुळातच सावळी, तिचं तर नाकडोळे काही दिसेना. मोबाइलमध्ये चेहरा उजळ करायचं एक अ‍ॅप होतं. त्यातली पट्टी मी बोटाने उजवीकडे सरकवत गेले. चेहरा उजळला, गुळगुळीत झाला, ओठ गुलाबी झाले. मला वाटलं, पोरगी खूश होईल.

दुसऱ्या दिवशी तिने प्रिंट हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला परत दिली.

"टीचर, ये मैं नहीं."

"अगं, अच्छी तो दिख रही."

"अच्छी दिख रही, मगर मैं नहीं दिख रही."

बाकीच्या मुली हसल्या, मीही हसले. वेळ नव्हता, तोच फोटो फॉर्मवर चढला. परीक्षेच्या दिवशी हॉलतिकिटावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळेना, म्हणून पर्यवेक्षकाने तिला उभं ठेवलं. पाच-सात मिनिटं गेली. कुणीतरी ओळख पटवली, मग ती बसली. ती पास झाली नाही. त्या सात मिनिटांमुळे झाली नाही, असं मी म्हणत नाही. गणितात ती कच्चीच होती. पण आपला स्वतःचा चेहरा आपलाच आहे हे तिला भर वर्गात उभं राहून सिद्ध करावं लागलं, आणि ते माझ्या बोटामुळे, हे काही माझ्या मनातून गेलं नाही.

पुढच्या वर्षी अकोल्यात एक जुना कॅमेरा घेतला. सोबत 50 मिलिमीटरची साधी लेन्स. घरात थोडी कुरकुर झाली. एवढ्या पैशात वॉशिंग मशीन आली असती हे खरंच होतं.

कॅमेरा आल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की त्याला माणूस कळत नाही. समोरून येणारा सगळा उजेड तो मोजतो आणि जे काही दिसतंय ते सरासरी एका मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून चालतो. समोर पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो सगळंच अंधारं करतो आणि पांढऱ्या ओढणीतला चेहरा कोळसा होतो. समोर काळं जास्त असलं की उलट. काळ्या बुरख्यातल्या बाईचा फोटो काढा, कॅमेरा त्या काळ्याला करडं करायला जातो आणि चेहरा पिठासारखा पांढरा पडतो. हसू आलं मला. आमच्याकडे पुरुष पांढऱ्या कुर्त्यात आणि बायका काळ्या बुरख्यात. म्हणजे ईदच्या दिवशी एकाच घरातल्या दोघांनाही कॅमेरा फसणार! उपाय मात्र सोपा आहे. पांढरं जास्त असेल तर उजेडाची भरपाई एक घर वर घ्यायची, काळं जास्त असेल तर एक घर खाली. मोबाइलमध्येही हे होतं. चेहऱ्यावर बोट ठेवायचं म्हणजे तो चेहऱ्यापुरता उजेड मोजतो, मग बाजूची छोटी पट्टी वरखाली करायची. अकरा मुलींच्या वेळी मला एवढं जरी ठाऊक असतं!

पण हे झालं यंत्राचं. खरी अडचण उजेडाची होती, आणि ती समजायला मला चित्रकलेचे एक सर भेटावे लागले. मराठी शाळेत शिकवतात. निवडणुकीच्या ट्रेनिंगमध्ये ओळख झाली. मी मोठ्या हौसेने माझे फोटो दाखवले. त्यांनी चार-पाच पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही माणूस पाहता. उजेड पाहत नाही."

"मग काय करू?"

"एक अंडं घ्या."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण ते खरंच सांगत होते. उकडलेलं नको, कच्चंच. काळ्या पाटीवर ठेवा, दाराजवळ ठेवा आणि आठ दिवस फक्त त्याचे फोटो काढा. काढले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अंगणातल्या उन्हात अंडं अर्धं पांढरं आणि अर्धं काळं दिसतं, मध्ये काही नाही. तेच अंडं दाराच्या आत हातभर सरकवलं की उजेडाकडची बाजू, मग हळूहळू मंद होत जाणारा भाग, मग सावली, आणि सगळ्यात खाली सावलीच्या कडेला पुन्हा एक फिकट रेघ, असे टप्पे दिसू लागतात. अंडं गोल आहे हे त्या टप्प्यांमुळेच कळतं. गाल म्हणजे तरी दुसरं काय?

सूर्य केवढा मोठा, पण इतका लांब आहे की आपल्यासाठी तो एक ठिपका. ठिपक्याएवढ्या दिव्याची सावली सुरीसारखी पडते. आपल्या वऱ्हाडात चैत्र-वैशाखात तो सरळ डोक्यावर येतो. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर. शाळेच्या भिंतीजवळ मी तेच केलं होतं. दार मात्र चार हातांचं आणि माणसाच्या अगदी जवळ. जवळचा, मोठा उजेड चेहऱ्याला वळसा घालून येतो. दार उत्तरेकडे उघडत असेल तर ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. विजेच्या आधी फोटो स्टुडिओ बांधायचे, तेव्हा काचेचं छत उत्तरेकडे ठेवत ते याचसाठी.

आमच्या पातुरात जुन्या घरांना ढाळज असते. बाहेरून आत आलं की आधी ढाळज, मग अंगण, मग ओसरी. ढाळजेत ऊन येत नाही, उजेड येतो. इतकी वर्षं मी तिथून चपला घालून शाळेत गेले आणि गावातला सगळ्यात चांगला स्टुडिओ आपल्या घरातच आहे, हे मला दिसलं नाही. एक भानगड मात्र होती. आमच्या मोहल्ल्यात भिंती हिरव्या किंवा फिरोजी. हिरव्या भिंतीजवळ माणूस बसवलं की भिंतीचा रंग गालावर येतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखं दिसतं. त्यावर ट्यूबलाइट लावली तर विचारूच नका. मी भिंतीवर राखाडी घोंगडी टांगली आणि ट्यूबलाइट बंद ठेवू लागले. आणि एक गंमत आपोआप सापडली. सावलीकडची बाजू उजळायला लोक पांढरा थर्माकोल वापरतात. बायकांच्या अंगावर पांढरी ओढणी असतेच. दाराचा उजेड ओढणीवर पडतो आणि तिथून उलटून हनुवटीखाली, डोळ्यांखाली जातो. नमाजच्या ओढणीत बायका इतक्या छान का दिसतात, याचं एक कारण हेही असावं. दुसरं कारण अर्थात कॅमेऱ्याच्या कक्षेत येत नाही.

मोहल्ल्यातल्या बायका येऊ लागल्या. कुणाला लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो हवा, कुणाला सौदीत असलेल्या नवऱ्याला पाठवायचा, कुणाला उगीच. पुरुष फोटोवाल्यापुढे ज्या बसणार नाहीत, त्या माझ्यापुढे बसत. मला हे काही नवीन वाटत होतं. मग वाचनात आलं की 1892 साली हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी खास जनाना स्टुडिओ उघडला होता. चालवायला एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेविक, आणि आत पुरुषाला मज्जाव. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पडद्यातल्या बायकांना आपला फोटो हवासा वाटत होता आणि एका माणसाने त्यांचा मान राखून तो मिळायची सोय केली होती. आपलं वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभारात असलं, तरी नावाला निजामाचंच. या दीनदयाळांना निजामाने किताब दिला होता 'मुसव्विर जंग'. उर्दू शिकवणाऱ्या बाईला हा शब्द अडखळायला लावतो. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा, रूप देणारा. आणि अल-मुसव्विर हे अल्लाहच्या नावांपैकी एक.

माझ्या नानीचं सगळं म्हणणं या एका शब्दात होतं. "सूरत बनाना उसका काम है. तू कौन?" नानीने आयुष्यात एकच फोटो काढू दिला, मतदार ओळखपत्रासाठी. ते ओळखपत्र शेषनसाहेबांच्या काळात, 1993 मध्ये सुरू झालं. नानीच्या कार्डावर ओढणीच्या आत एक पांढरा गोल आहे आणि गोलात दोन काळे ठिपके. कुणाचंही कार्ड म्हणून चालेल. नानीला ते पसंत होतं, कारण त्यात सूरत नव्हतीच!

मी तिच्याशी वाद घातला नाही. उलेमांमध्येच यावर मतं वेगवेगळी आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं की कॅमेरा काही घडवत नाही, असलेली सावली तेवढी अडवून ठेवतो. आपल्याकडच्या अनेक आलिमांना ते मान्य नाही. गरजेपुरता फोटो चालतो, हौसेसाठी नाही, असं ते सांगतात. माझं मन पहिल्या मताकडे आहे. पण दुसरं मत धरून जगलेल्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. नानीने ते मत कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. आपल्यापेक्षा मोठा कुणीतरी आहे, याची एक अदब तिच्यात होती आणि ती अशा तऱ्हेने बाहेर यायची.

इथे माझ्या फोटोंवर बोलणाऱ्या माणसांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. मोबाइलवर फोटो टाकला की 'माशाअल्लाह' येतं, फुलं येतात, आगीचे गोळे येतात. बरं वाटतं. पण त्याने माझा एकही फोटो सुधारला नाही. आमच्या उर्दूत याला जुना शब्द आहे, इस्लाह. शागिर्दाने गजल लिहायची आणि उस्तादापुढे ठेवायची. उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा शेर सरळ काढून टाकतो. गालिब तर दिल्लीत बसून टपालाने इस्लाह द्यायचे. त्यांचे शागिर्द हरगोपाल तफ्ता सिकंदराबादहून कलाम पाठवत आणि गालिब त्यांना प्रेमाने मिर्जा तफ्ता म्हणत. इस्लाहमध्ये अपमान नाही. वाईट आहे ते वाईट सांगतात, पण ज्याची गजल त्याचीच राहते.

मला अशी इस्लाह हवी होती आणि चित्रकलेचे सर ती देऊ शकत होते. पण ज्या बायका माझ्या भरवशावर बसल्या, त्यांचे फोटो मी सरांना कसे दाखवू? सर किती का सज्जन असेनात. ज्या फोटोबद्दल सगळ्यात जास्त विचारायचं होतं, नेमका तोच दाखवता येत नव्हता. बरेच दिवस मी अडकून पडले. मग दोन वाटा केल्या. ज्या उजेडात बाई बसवायची, त्याच उजेडात आधी धाकट्या भावाला बसवायचं, डोक्यावर ओढणी घालून. तो बिचारा बसायचा. तो फोटो सरांकडे जाई आणि सर लिहून पाठवत: "कॅमेरा फार वर धरला, कपाळ मोठं आलं." "डोळ्यात उजेडाचा ठिपका नाही, डोळा मेलेला वाटतो. तोंड दाराकडे थोडं वळवा." "इतक्या जवळून काढू नका, नाक फुगतं. पाच-सहा फूट मागे सरका." दुसरी वाट बायकांचीच. रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर शाळेतल्या दोन सहकारी बाजी, माझी खाला आणि जिचा फोटो असेल ती, अशा बसायच्या. नियम एकच. 'छान' म्हणायचं नाही, काय दिसतं ते सांगायचं. खाला चौथी शिकलेली. कॅमेऱ्याला तिने हात लावलेला नाही. पण तिच्याइतकी कडक इस्लाह मला कुणी दिली नाही. एकदा एका नव्या नवरीचा फोटो पाहून म्हणाली, "दुपट्टे का फोटो अच्छा है." खरंच होतं. जरीची किनार तेवढी धारदार आणि डोळे धूसर होते. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की नाकाचा शेंडा आणि डोळा यांतलं अंतरसुद्धा तिला झेपत नाही. तेव्हापासून मी जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवते आणि लेन्स थोडी आवळून घेते.

2021 मध्ये नानीची मोठी बहीण गेली. तिचा एकही फोटो नव्हता. ओळखपत्रही कुठे गेलं कुणास ठाऊक. दोन वर्षांनी, एका सकाळी, नानी बाजेवर सुपारी कातरत बसली होती. मला म्हणाली, "आपा की आवाज याद है मेरे को. शकल नहीं याद आ रही." मी गप्प. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "दीवार पे नहीं लगाना. किसी को भेजना नहीं. इतना करती होगी, तो निकाल."

पाऊस सरलेला, आभाळ स्वच्छ. सकाळचे आठ वाजले असतील. नानीची बाज ढाळजेत दाराजवळ ओढली, मागे घोंगडी. बाज बुटकी, म्हणून मी जमिनीवर बसले. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. वरून पाहिलं की म्हातारं माणूस दीनवाणं दिसतं. पहिले दहा-बारा फोटो ओळखपत्रासारखेच आले. मान ताठ, ओठ घट्ट. मग मी तिला अडकित्ता परत दिला आणि तिच्या आपाबद्दल विचारलं. शेखबाबूंच्या उरुसात दोघी कशा हरवल्या होत्या, ते ती सांगू लागली. आपल्या गावाचं जुनं नावच पातूर शेखबाबू. हे किस्से शंभर वेळा ऐकलेले, पण नानीचे हात कामाला लागले आणि चेहरा सुटला. मी एकदाही 'इकडे बघ' म्हटलं नाही. एकूण एकेचाळीस फोटो निघाले.

त्यातला एक निवडला. रात्री लॅपटॉपवर बसले. थोडा कापला, रंगातला निळसरपणा काढला. या वेळी चेहरा गोरा करायची पट्टी मी हातात घेतली नाही, तेवढी अक्कल आली होती. या बाबतीत आपणच दोषी आहोत असंही नाही. कोडॅक कंपनी 1950 च्या दशकापासून प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचं कार्ड पाठवायची, 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग नीट उतरला की मशीन बरोबर, असं समजायचं. काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षं खराब येत राहिले, तरी कंपनीला घाई नव्हती. फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रार केली की आमच्या मालाच्या तपकिरी छटा ओळखू येत नाहीत, तेव्हा कुठे फिल्म सुधारायला जोर आला. हे वाचलं तेव्हा मला ती आठवीतली मुलगी आठवली होती. म्हणून नानीचा सावळेपणा मी जसाच्या तसा ठेवला आणि स्वतःवर खूश झाले.

मग बारीक साफसफाई. गालावर डास चावल्याचा लाल ठिपका होता, तो काढला. ओढणीला सुपारीचा कण चिकटला होता, तो काढला. कपाळावर मधोमध एक काळपट, खरबरीत डाग होता. तोही काढला. डाग पुसायचं एक साधन असतं. बोट फिरवलं की आजूबाजूची त्वचा घेऊन ते डाग बुजवतं. दोन सेकंदांचं काम.

रविवारी ओसरीवर लॅपटॉप उघडला. दोघी बाजी नियम विसरून 'माशाअल्लाह' म्हणाल्या. उजेड सुरेख उतरला होता, डोळ्यांत दाराचा छोटा चौकोन होता, सुरकुत्या एकेक मोजता येत होत्या. खाला काहीच बोलेना. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, मग बाजेवरच्या नानीकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"अम्मी का निशान किधर गया?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि अंगाला घाम फुटला. तो डाग नव्हता. साठ-पासष्ट वर्षं दिवसातून पाच वेळा चटईवर कपाळ टेकून उमटलेली खूण होती ती. मी लहानपणी त्यावर बोट फिरवून झोपत असे. माझ्या नानीला हजार बायकांत ओळखायचं तर मी त्या खुणेनेच ओळखलं असतं, आणि पडद्यावर मात्र मला ती कचऱ्यासारखी दिसली. नानीने चष्मा मागितला. फोटो पाहिला. उजव्या हाताचं बोट नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेलं, आहे की नाही ते पाहायला. मग माझी अवस्था बघून म्हणाली, "जाने दे बेटा, धूल समझ के पोंछ दी होगी."

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

मूळ फोटो मी कधीच पुसत नाही. जे काही बदल करायचे ते त्याच्या प्रतीवर. सरांनी पहिल्याच महिन्यात लावलेली ही शिस्त त्या दिवशी कामाला आली. त्या रात्री पुन्हा पहिल्यापासून बसले. या वेळी काही काढण्याआधी प्रत्येक गोष्टीला विचारत गेले, तू उद्याही असशील का? डासाचा ठिपका आठवड्यात जाणार होता, तो गेला. सुपारीचा कण गेला. बाकी कशालाही हात लावला नाही. उलट पाहिलं तर दाराचा तिरपा उजेड त्या खुणेवर असा पडला होता की तिची कडा किंचित चमकत होती. उजेडाने ती दाखवली होती, पुसली मी होती.

आता नवा फोटो उघडते तेव्हा मी आधी त्या माणसाला शेजारी बसवते आणि विचारते, यातलं काय तुझं आहे? एकीने देवीच्या वणाचा खड्डा ठेवायला सांगितला, एकीने पुढचा वाकडा दात. एकीने हनुवटीवरचा तीळ काढायला सांगितला आणि मी निमूटपणे काढला. चेहरा तिचा आहे.

नानीच्या फोटोची पाच बाय सातची एकच प्रिंट अकोल्याहून करून आणली. नानीने ती दाराजवळ नेली, उजेडात धरली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बराच वेळ पाहत राहिली. मग तळहाताने फोटोचा खालचा अर्धा भाग झाकला, ओठ, हनुवटी सगळं. फक्त डोळे आणि कपाळ उघडं ठेवलं.

"देख," मला म्हणाली, "ये आपा है."

मी पाहिलं. मला नानीच दिसत होती. पण मी आपाजानला तरुणपणी कुठे पाहिलं होतं?

फोटो तिने लोखंडी पेटीत ठेवला. त्या पेटीत तिच्या कफनाचं कापडही आहे, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. ते एका बाजूला सारून, मध्ये जुनी चादर घालून, फोटो दुसऱ्या बाजूला ठेवायला लावला. "दोनों साथ में नहीं," म्हणाली. दर शुक्रवारी पेटी उघडते असं खाला सांगते. मी विचारलं नाही.

2024 मध्ये पुन्हा आठवीच्या फॉर्मचे दिवस आले. त्या मुलीची धाकटी बहीण आता माझ्या वर्गात आहे. रंग तोच, डोळे तेच. आता फोटो मी शाळेच्या भिंतीजवळ काढत नाही. एका वर्गखोलीचं दार उत्तरेला उघडतं, तिथे एक स्टूल ठेवलेला असतो. ती आली, स्टूल थोडा तिरपा केला, बसली, तोंड दाराकडे वळवलं. मी कॅमेऱ्याची भरपाई एक घर वर घेतली. काढलेला फोटो तिने मागच्या पडद्यावर पाहिला, मान एका बाजूला कलती करून.

"टीचर, और एक निकालो," ती म्हणाली, "इस में मैं हंसने वाली थी, मगर हंसी नहीं."